झेंडे पुष्कळ, दारे किती?

शेख झायेद रोड आणि अल खैल रोड या दोन महामार्गांच्या मधोमध पसरलेला अल क्वोज हा दुबईचा कामकरी पट्टा आहे. काँक्रीट मिसळणारे प्रकल्प, सुतारकामाचे कारखाने, छापखाने, गॅरेजे, गोदामे आणि कामगारांच्या राहण्याचे कॅम्प यांनी तो गच्च भरलेला आहे. याच पट्ट्यात एका जुन्या संगमरवर कारखान्याच्या आवारात अल सरकाल ॲव्हेन्यू उभी राहिली आणि गोदामांमध्ये कलादालने आली. 2021मध्ये तर या भागाला सर्जनशील उद्योगांचे क्षेत्र बनवण्याची योजना सरकारने जाहीर केली. इथून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर नॉलेज पार्क आहे आणि वाळवंटाच्या अंगाला आणखी पुढे ॲकॅडेमिक सिटी. या दोन शैक्षणिक वसाहती आणि बाकीचे शहर मिळून चाळीसच्या घरात उच्च शिक्षण संस्था दुबईत आहेत. अमेरिकेच्या एखाद्या राज्यात जितक्या तऱ्हांची कॉलेजे आणि विद्यापीठे असतील, तितक्या या एका अमिरातीत मिळतात अशी तिची ख्याती आहे. मिळतात हे खरे. कोणाला मिळतात, हा प्रश्न मात्र त्या ख्यातीत बसत नाही, आणि तो विचारायला अल क्वोजपेक्षा योग्य जागा नाही. एखाद्या राज्यातल्या उच्च शिक्षणाचे वैविध्य संस्थांच्या मालकीवरून किंवा त्यांच्या मूळ देशावरून मोजण्याची सवय आपल्याला लागली आहे. ते मोजायला हवे दारांवरून: आत येण्याची पात्रता काय, वेळ कोणती, खर्च किती, आणि एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जायची वाट आहे की नाही. या मापाने पाहिले तर दुबईचे वैविध्य दिसते त्यापेक्षा बरेच अरुंद आहे. नवी मुंबईत तशीच वसाहत उभारू पाहणाऱ्या महाराष्ट्राने हे आताच तपासून घ्यायला हवे.

आधी दुबईत काय आहे ते नीट मांडू. पहिला प्रकार संघराज्याच्या सरकारी संस्थांचा. अल ऐनचे युनायटेड अरब एमिरेट्स विद्यापीठ 1976चे, हायर कॉलेजेस ऑफ टेक्नॉलॉजी 1988चे आणि झायेद विद्यापीठ 1998चे. शेवटच्या दोघांची आवारे दुबईतही आहेत. या संस्था मुख्यतः एमिराती नागरिकांसाठी निघाल्या आणि नागरिकांना तिथले शिक्षण मोफत आहे. दुसरा प्रकार स्थानिक पुढाकाराने निघालेल्या संस्थांचा: व्यापारी मंडळाने 1997मध्ये सुरू केलेले दुबई विद्यापीठ, 1995ची अमेरिकन युनिव्हर्सिटी इन दुबई, 2016चे मोहम्मद बिन रशीद वैद्यकीय विद्यापीठ. तिसरा आणि सर्वांत डोळ्यांत भरणारा प्रकार परदेशी विद्यापीठांच्या शाखांचा. ऑस्ट्रेलियाच्या वोलोंगाँग विद्यापीठाने 1993मध्ये सुरुवात केली. पुढे हेरिएट-वॉट, मिडलसेक्स, मर्डॉक, रोचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, बर्मिंगहॅम, कर्टिन अशी रांग लागली. भारतीय संस्थांची वेगळी फळीच आहे. बिट्स पिलानी आणि मणिपाल 2000पासून इथे आहेत, मुंबईची एस. पी. जैन संस्था 2004मध्ये आली, नंतर ॲमिटी. 2024मध्ये पुण्याचे सिंबायोसिस नॉलेज पार्कमध्ये दाखल झाले आणि 2025मध्ये अहमदाबादच्या आयआयएमने ॲकॅडेमिक सिटीत वर्ग सुरू केले. परदेशातून पुण्यात शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांची आबाळ पाहून शां. ब. मुजुमदारांनी 1971मध्ये जी संस्था काढली, ती अर्ध्या शतकानंतर स्वतःच परदेशात वर्ग भरवते आहे. पुण्यातल्या वाचकाला याचा अभिमान वाटला तर ते स्वाभाविक आहे.

या यादीला मान्यतेची आणखी एक घडी आहे. संघराज्याचे मान्यता मंडळ 2000 सालापासून आहे. दुबईने 2006मध्ये आपले ज्ञान व मानव विकास प्राधिकरण स्थापन केले आणि 2008मध्ये मुक्त क्षेत्रांतल्या शाखांच्या दर्जाची तपासणी करणारे आंतरराष्ट्रीय मंडळ नेमले. हे मंडळ मुख्यतः एवढेच पाहते की शाखेतले शिक्षण मूळ विद्यापीठातल्या शिक्षणाच्या तोडीचे आहे का. त्यामुळे बराच काळ एकाच शहरात दोन तऱ्हांच्या पदव्या होत्या: संघराज्याच्या मान्यतेच्या आणि दुबईपुरत्या मान्यतेच्या. शेजारच्या अमिरातीत सरकारी नोकरी धरायची असेल तर हा फरक महत्त्वाचा ठरे. प्रवेश घेताना पालक विद्यापीठाचे नाव पाहतात, पण पदवीचे पुढे काय होणार हे त्या नावापेक्षा अशा घड्याच ठरवतात. तरीही व्यवस्था म्हणून दुबईने एक गोष्ट चांगली केली हे मान्य करायला हवे. कोणीही यावे आणि पाटी लावावी अशी मोकळीक तिने दिली नाही. तपासणी ठेवली आणि ती सार्वजनिक ठेवली. आपल्याकडच्या कित्येक खासगी संस्थांबद्दल एवढेही म्हणता येणार नाही.

आता इतक्या देशांच्या इतक्या संस्था शिकवतात काय ते पाहावे. व्यवसाय व्यवस्थापन, संगणक, अभियांत्रिकी, माध्यमे, आतिथ्य, मानसशास्त्र हे विषय जवळजवळ प्रत्येकीकडे. इतिहास, तत्त्वज्ञान, शुद्ध भौतिकशास्त्र, अरबी वाङ्मय यांसाठी शोधाशोध करावी लागते. हा योगायोग नाही. नॉलेज पार्क 2003मध्ये उघडले, ॲकॅडेमिक सिटी 2007मध्ये. दोन्ही वसाहती टेकॉम या समूहाच्या आहेत आणि हा समूह व्यापारी जागा भाड्याने देणारा विकासक आहे. म्हणजे तिथले विद्यापीठ हे मुळात भाडेकरू आहे. त्याला भाडे द्यायचे आहे, मूळ विद्यापीठाला वाटा द्यायचा आहे, प्राध्यापकांचे पगार शुल्कातूनच भागवायचे आहेत, आणि पाठीशी ना देणग्यांचा निधी ना सरकारी अनुदान. अशा संस्थेने प्रयोगशाळेवर कोट्यवधी खर्च करून दहा विद्यार्थ्यांचा विषय चालवावा अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. ती जिथे वर्ग भरतात तिथेच जाणार, आणि सगळ्याच संस्था याच हिशेबाने चालत असल्यामुळे सगळ्यांचे वर्ग एकसारखे होणार. देश वेगळे, रंग वेगळे, दीक्षान्त समारंभाचे झगे वेगळे. अभ्यासक्रम, शुल्क आणि विद्यार्थी मात्र एकाच थरातले.

या हिशेबाची दुसरी बाजू म्हणजे वर्ग भरले नाहीत की संस्था निघून जाते. अमेरिकेच्या जॉर्ज मेसन विद्यापीठाने रास अल खैमा अमिरातीत शाखा काढली आणि 2009मध्ये, एकही पदवी देण्याआधी, ती बंद केली. मिशिगन स्टेट विद्यापीठाने 2008मध्ये दुबईत पदवीचे वर्ग सुरू केले आणि पुरेसे विद्यार्थी मिळेनात म्हणून दोन वर्षांत गुंडाळले. दोन्ही अमेरिकेतल्या आपापल्या राज्यांची सरकारी विद्यापीठे आहेत. मिशिगन स्टेट तर 1855पासून त्या राज्यातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवत आलेले. स्वतःच्या राज्यात असे विद्यापीठ एखादा तोट्यातला विभागही दशकानुदशके चालवते, कारण तिथे त्याला विधिमंडळाला, करदात्याला आणि मतदाराला उत्तर द्यावे लागते. दुबईत तेच विद्यापीठ ताळेबंदाला उत्तर देत होते. नाव तेच राहिले, पण संस्थेचा प्रकार बदलला. राज्यातल्या विद्यापीठांचे प्रकार मोजताना नावाला फसू नये ते यासाठी. विद्यापीठ कुठून आले यापेक्षा इथे ते कोणाला बांधील आहे, यावरून त्याचा प्रकार ठरतो.

अमेरिकन राज्याची तुलना करायचीच तर कॅलिफोर्नियाशी करावी, कारण प्रकारांची आखणी विचारपूर्वक कशी करता येते याचा तो वस्तुपाठ आहे. 1960मध्ये, क्लार्क कर यांच्या पुढाकाराने, त्या राज्याने उच्च शिक्षणाचा बृहद्आराखडा कायद्यात आणला. संशोधन करणाऱ्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाने शाळेतून उत्तीर्ण होणाऱ्यांपैकी वरच्या एक अष्टमांशातून विद्यार्थी घ्यावेत, अध्यापनावर भर देणाऱ्या राज्य विद्यापीठांनी वरच्या एक तृतीयांशातून, आणि कम्युनिटी कॉलेजांनी ज्याला शिकून फायदा होईल अशा कोणालाही घ्यावे. यातली खरी मेख तिसऱ्या थराच्या पुढे आहे. कम्युनिटी कॉलेजात पहिली दोन वर्षे करून वरच्या दोन थरांत तिसऱ्या वर्षाला जाण्याची वाट आराखड्यातच ठेवलेली होती. म्हणजे अठराव्या वर्षी ज्याचे गुण कमी पडले त्याला विसाव्या, तिसाव्या, चाळिसाव्या वर्षीही बर्कलीचा रस्ता बंद नव्हता. आज तिथे 116 कम्युनिटी कॉलेजे आहेत आणि राज्यातल्या रहिवाशाला तिथे एका क्रेडिटमागे 46 डॉलर पडतात. या आराखड्याचे गोडवे गाताना त्याची दुसरी बाजू लपवू नये. त्याने वरच्या थराचे दार पूर्वीपेक्षा अरुंद केले, पुढे तिथली शुल्के वाढली, आणि कम्युनिटी कॉलेजातून वर जाऊ इच्छिणाऱ्यांपैकी बरेच जण मध्येच गळतात. मात्र गळती झाली की ती मोजता येते, तिच्यावर विधिमंडळात भांडता येते, कारण वाट अस्तित्वात आहे आणि ती चालू ठेवण्याचे वचन राज्याने दिलेले आहे. दुबईत असे वचनच नाही, त्यामुळे कोण गळले हे मोजण्याचा प्रश्नही येत नाही.

महाराष्ट्राला हे तत्त्व कॅलिफोर्नियाकडून शिकण्याची गरज नाही. आपल्याकडे उच्च शिक्षणाचे जे प्रकार खऱ्या अर्थाने नवे ठरले, ते सगळे ‘बाहेर कोण राहिले?’ या प्रश्नातून जन्मले. 1857चे मुंबई विद्यापीठ परीक्षा घेणारे होते आणि त्याच्या परीक्षेपर्यंत कोण पोहोचणार हे जात, लिंग आणि भाषा यांनी आधीच ठरवून ठेवलेले होते. धोंडो केशव कर्व्यांनी 1916मध्ये महिला विद्यापीठ काढले आणि मातृभाषा हे माध्यम ठेवले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919मध्ये स्थापलेल्या रयत शिक्षण संस्थेने 1947मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढले आणि ‘कमवा आणि शिका’ ही दानधर्माची नव्हे, कॉलेजच्या रचनेची गोष्ट बनवली. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज 1946मध्ये मुंबईत सुरू झाले. सकाळच्या वर्गांमुळे नोकरी करणाऱ्या तरुणाला तिथे कामावर जाण्याआधी शिकता आले. घड्याळ हासुद्धा प्रवेशाचा निकष असतो हे त्या काळी फार थोड्यांच्या ध्यानात आले होते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीची कृषी विद्यापीठे 1968 ते 1972 या काळात आली, ती चार वेगळ्या हवामानांच्या शेतीसाठी. 1989मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. बारावी न झालेल्यांना पूर्वतयारीच्या परीक्षेतून पदवीकडे येण्याची सोय त्याने बरीच वर्षे ठेवली होती. यातला प्रत्येक प्रकार म्हणजे आधीच्या भिंतीत पाडलेले एक दार आहे.

मग 1983 आले. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याआधी मराठी मुले देणगी भरून कर्नाटकात जात होती, तो पैसा आणि ती मुले इथेच राहावीत हा हेतू चुकीचा नव्हता. पण त्यानंतर आपल्याकडे जे प्रकार वाढले, म्हणजे विनाअनुदानित, कायम विनाअनुदानित, अभिमत, स्वायत्त, स्वयंअर्थसहाय्यित खासगी, ते बहुतेक वित्तव्यवस्थेचे प्रकार आहेत. पैसा कोठून येतो आणि नियंत्रण कोणाचे, एवढेच त्यांच्या नावातून कळते. बाहेर राहिलेल्या कोणाला आत घेण्यासाठी ते निघालेले नाहीत. दर्जेदार संस्था त्यांतूनही झाल्या. त्याचबरोबर पुढल्या काळात अभियांत्रिकीच्या हजारो जागा रिकाम्या पडू लागल्या, आणि तेव्हाच ज्यांना ती पदवी हवी होती त्यांना शुल्क परवडत नव्हते. रिकामी बाके आणि बाहेर उभे विद्यार्थी हे दृश्य एकाच जिल्ह्यात दिसू लागते तेव्हा संस्थांची संख्या वाढवून उपयोग नसतो. दुबई हे 1983च्या त्या विचाराचे शेवटचे टोक आहे: अनुदान शून्य, भाडे पूर्ण, निवड बाजाराची.

आता अल क्वोजमध्ये राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या मराठी माणसाचा हिशेब मांडू. इथे दोन मराठी समाज आहेत. एक अभियंते, हिशेबनीस, पर्यवेक्षक, छोटे व्यावसायिक यांचा, ज्यांची कुटुंबे सोबत आहेत. दुसरा रत्नागिरी-रायगडापासून मराठवाड्यापर्यंतच्या गावांतून आलेल्या वेल्डर, फिटर, एसी दुरुस्ती करणारे, चालक, गोदाम कामगार यांचा, ज्यांची कुटुंबे गावी आहेत. दुबईतल्या पदवीचे शुल्क साधारण चाळीस ते ऐंशी हजार दिरहॅम वर्षाला, मधला आकडा धरला तरी बारा-पंधरा लाख रुपये. पहिल्या गटाला एका मुलासाठी ते ओढाताणीने जमते, दुसऱ्या मुलाच्या वेळी हिशेब कोलमडतो. महिन्याला हजार-दीड हजार दिरहॅम मिळवणाऱ्या दुसऱ्या गटाच्या माणसाने वर्षभराचा अख्खा पगार दिला तरी अर्धे शुल्कही भरत नाही. शुल्क बाजूला ठेवले तरी आठवड्याचे सहा दिवस काम, कंपनीच्या बसची वेळ आणि कॅम्पची शिस्त यांत बसेल असा वर्ग त्याला कुठे आहे? सर्वांत खटकणारी गोष्ट कौशल्याची आहे. दहा वर्षे मोठ्या इमारतींची शीतकयंत्रणा सांभाळणाऱ्या माणसाकडे जे ज्ञान असते, त्याची मोजदाद करून त्याला पदविकेचे दुसरे वर्ष देणारी एकही वाट या शहराने त्याच्यासमोर ठेवलेली नाही. पात्रतेचे दहा स्तर आखणारा राष्ट्रीय आराखडा अमिरातींकडे कागदावर आहे. कॅम्पपासून त्याच्या पहिल्या पायरीपर्यंत पोहोचवणारे कोणी नाही.

पहिल्या गटालाही मायदेशाची दारे सरसकट उघडी नाहीत. भारतातल्या एनआयटीसारख्या संस्थांत आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी काही जागा राखीव असतात आणि त्यांचे शुल्क इतर परदेशस्थ भारतीयांपेक्षा बरेच कमी असते. आखातातला पगार म्हणजे श्रीमंती नव्हे हे ओळखणारी ही मोजक्या सोयींपैकी एक. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांत मात्र अनिवासी भारतीयांचा कोटा हा मुख्यतः जास्त शुल्काचा मार्ग आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2005च्या पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात त्याला पंधरा टक्क्यांची मर्यादा घातली. दूरशिक्षणाची गोष्ट आणखी अवघड. बहिःस्थ किंवा दूरस्थ पद्धतीने मिळवलेल्या भारतीय पदव्यांना अमिरातींत समकक्षता मिळवताना अनेकांची नोकरी धोक्यात आली आहे. कामगाराला परवडेल आणि त्याच्या वेळेत बसेल असे जे एकमेव शिक्षण भारत देऊ शकतो, तेच तिथल्या कार्यालयात संशयाने पाहिले जाते. म्हणून दुबईच्या पालकांना ‘प्रकार’ पुष्कळ दिसतात आणि प्रत्यक्ष निवड दोन-तीन पर्यायांवर येऊन थांबते.

या मांडणीवर पहिला आक्षेप सरळ आहे: दुबईने परदेशी कामगाराला विद्यापीठ का द्यावे? तो करारावर आला आहे, परत जाणार आहे, लोकसंख्येत नागरिक जेमतेम दहातला एक. कॅलिफोर्नियाचे करदाते आणि दुबईचे स्थलांतरित यांची तुलनाच गैर. कायद्याच्या दृष्टीने आक्षेप बिनतोड आहे. नागरिकांना मोफत शिकवण्याचे आपले कर्तव्य हे राज्य पार पाडते, आणि पाहुण्याबद्दल तसे कर्तव्य जगातले फारच थोडे देश मानतात. पण यातून निघतो तो निष्कर्ष आक्षेप घेणाऱ्याला अपेक्षित नसतो. दुबईची रचना ज्या लोकसंख्येसाठी योग्य आहे, ती लोकसंख्या महाराष्ट्रात नाही. जिथे शिकणारा ग्राहक आहे आणि नागरिक वेगळा आहे, तिथे बाजाराची वसाहत चालते. जिथे दोघे एकच आहेत, तिथे तीच वसाहत उचलून आणणे म्हणजे आपल्याच नागरिकांना पाहुणे ठरवणे. शिवाय दुबईच्या स्वतःच्या हिताचाही प्रश्न आहे. 2033पर्यंत सत्तरहून अधिक उच्च शिक्षण संस्था असाव्यात आणि निम्मे विद्यार्थी परदेशातून आलेले असावेत असे तिचे शिक्षण धोरण म्हणते. अल क्वोजला सर्जनशील उद्योगांचे क्षेत्र करायचे तर तिथे आधीपासून लाकूड, धातू आणि छपाई यांत हात बसलेली माणसे आहेत. त्यांना शिकवणे हे दुरून विद्यार्थी आणण्यापेक्षा स्वस्त पडेल.

दुसरा आक्षेप बाजाराच्या बाजूने येतो. मागणी असेल तिथे पुरवठा येतो, स्वस्त शिक्षणाला मागणी असेल तर स्वस्त संस्थाही येतील, सरकारने फक्त आडकाठी करू नये. दुबईने हा प्रयोग तीस वर्षे, भरपूर मोकळीक आणि उत्तम सोयी देऊन केला आहे. मध्यमवर्गाला परवडणाऱ्या काही संस्था त्यातून आल्या, हे खरे. भारतीय शाखांचे शुल्क अनेक पाश्चात्त्य शाखांपेक्षा कमी आहे आणि आखातात जन्मलेल्या मुलांना अठराव्या वर्षी आईबापांपासून तुटावे लागत नाही, हा लाभ छोटा नाही. पण तीस वर्षांत एकही कम्युनिटी कॉलेज, एकही मुक्त विद्यापीठ, कामगारांसाठी एकही रात्र महाविद्यालय बाजाराने स्वतःहून उभे केले नाही. याचे कारण बाजाराची वाईट नियत नाही. ज्याची गरज मोठी आणि खिसा लहान, त्याची गरज बाजाराच्या भाषेत मागणी म्हणून उमटतच नाही. कर्वे, कर्मवीर आणि आंबेडकरांच्या संस्थाही बाजाराने काढल्या नव्हत्या.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो आपल्या घरातून येतो. महाराष्ट्रात दारे उघडी ठेवली, पण आत काय उरले आहे? वर्षानुवर्षे रिकामी प्राध्यापकपदे, तासिका तत्त्वावर राबणारे शिक्षक, लांबलेले निकाल, गावोगावची कॉलेजे जिथे वर्ग भरतो तो परीक्षेच्या अर्जापुरता. अशा उघड्या दारापेक्षा दुबईचे नेटके, तपासलेले, वेळेवर चालणारे वर्ग बरे नव्हेत काय? या दुखण्यावर पांघरूण घालता येणार नाही. ज्याला आत घेऊन काहीच शिकवले नाही त्याला आत घेतले असे म्हणणे ही फसवणूक आहे. मात्र रोगाचे निदान नीट करावे. आपली कॉलेजे खालावली ती सर्वांना प्रवेश दिल्यामुळे नव्हे. प्रवेश वाढवत असताना शिक्षक भरणे थांबवले, म्हणून ती खालावली. कॅलिफोर्नियाची कम्युनिटी कॉलेजेही सर्वांना घेतात, पण तिथे शिकवणारा माणूस असतो. आणि आपल्याकडेच याचे चांगले उदाहरण आहे: आयटीआय केलेल्या मुलाला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, आणि पदविका केलेल्याला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. दहावीनंतर वेल्डर किंवा फिटर झालेला मुलगा या वाटेने अभियंता होऊ शकतो. या वाटेने आलेली मुले वर्गात मागे पडतात अशी ओरड असते, पण यंत्राला हात लावताना तीच पुढे असतात हे कारखानदार जाणतात. या वाटेला ना झगमगाट आहे ना जागतिक क्रमवारीत स्थान. तरी राज्याच्या उच्च शिक्षणात खरे वैविध्य कुठे असेल तर ते इथे आहे.

हा सगळा ऊहापोह तातडीचा ठरतो तो नवी मुंबईमुळे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2023मध्ये परदेशी विद्यापीठांना भारतात आवारे काढण्याचे नियम केले. जून 2025मध्ये मुंबईतल्या समारंभात यॉर्क, ॲबरडीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची डिझाइन संस्था अशा पाच संस्थांना इरादापत्रे मिळाली. नव्या विमानतळाच्या परिसरात सिडकोची एज्युसिटी त्यांना एकत्र आणणार आहे. जागा देणारा विकासक, सामायिक सोयी, शेजारी विमानतळ: आराखडा ओळखीचा आहे. नियमांनुसार या संस्था शुल्क आणि प्रवेशाचे निकष स्वतः ठरवतील, आरक्षण त्यांना बंधनकारक नाही आणि दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम त्यांना चालवता येत नाहीत. मध्येच अभ्यासक्रम बंद पडला तर विद्यार्थ्यांना पर्याय देण्याची जबाबदारी मूळ विद्यापीठावर टाकली आहे, हे मात्र चांगले झाले. रास अल खैमाच्या अनुभवानंतर ते आवश्यकच होते. परदेशी विद्यापीठांना विरोध करण्याचे कारण नाही. जी मुले नाही तरी परदेशी जाणार होती त्यांना ही विद्यापीठे घराजवळ मिळतील, काही प्राध्यापक परततील, आपल्या विद्यापीठांना तुलनेला एक माप मिळेल. आक्षेप आहे तो यालाच राज्याच्या उच्च शिक्षणाची झेप म्हणून मिरवण्याला.

सार्वजनिक जमीन आणि सार्वजनिक पत वापरून जी संस्था येते, तिच्याकडून राज्याने दाराची किंमत वसूल करावी. प्रत्येक आवाराने पनवेल-उरण भागातल्या किमान एका तंत्रनिकेतनाशी आणि एका अनुदानित महाविद्यालयाशी क्रेडिट हस्तांतराचा करार करावा आणि ठरावीक जागा त्या वाटेने येणाऱ्यांसाठी, सार्वजनिक संस्थेच्या शुल्कात, ठेवाव्यात. 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने क्रेडिटची पेढी आणि मधूनच बाहेर पडून परत येण्याची मुभा दिली आहेच. ती इथे वापरून दाखवावी. विमानतळाच्या कामावर राबलेल्या गवंड्याच्या, सुताराच्या, तारतंत्रीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन त्याला पदविकेत सामावणारे केंद्र त्याच वसाहतीत असावे. परदेशी संस्थांना दूरशिक्षण नाकारले असल्याने ते काम नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे आहे आणि त्यासाठी त्याला शिक्षक आणि पैसा दिला पाहिजे. आखातातल्या मराठी कामगारासाठी सरकारने एक गोष्ट दिल्लीमार्फत नेटाने मागावी: प्रत्यक्ष परीक्षा, प्रत्यक्ष कार्यशाळा आणि उपस्थितीची नोंद असलेल्या मुक्त विद्यापीठाच्या पदविकांना अमिरातींत समकक्षता. भारतीय विद्यापीठांच्या शाखांना तिथे जागा मिळवून देणारी राजनैतिक मैत्री एवढे मागू शकते. श्रीमंतांच्या मुलांसाठी अहमदाबाद दुबईला जाऊ शकते, तर वेल्डरसाठी नाशिक का जाऊ नये?

पुढल्या काही वर्षांत एज्युसिटीची उद्घाटने होतील आणि महाराष्ट्रात आता किती देशांची विद्यापीठे आहेत याचे आकडे प्रसिद्ध होतील. ते आकडे खरेच असतील. त्यांच्या शेजारी आणखी तीन आकडे दरवर्षी छापण्याची सक्ती विधिमंडळाने करावी: आयटीआय आणि पदविकेच्या वाटेने किती जण आत आले, तिशीनंतर परत शिकायला किती जण आले, आणि सार्वजनिक शुल्कात किती जण शिकले. हे तीन आकडे शून्याच्या आसपास राहिले तर आपण विद्यापीठांचा नवा प्रकार आणला नाही, जुन्याच प्रकाराला महागडी पाटी लावली, हे कोणालाही समजेल. दुबईने असे आकडे कधी छापले नाहीत, कारण ते मागणारे मतदार तिच्याकडे नाहीत. आपल्याकडे आहेत, आणि त्यांच्यातल्या अनेकांची मुले आज अल क्वोजच्या गोदामांत काम करत आहेत.